चार नंबरवर पुतळाबाई

मी चार नंबर बोलतोय. अंबरनाथ पूर्वेला मुकेशशेठचा सायबर कॅफे आहे, तिथला भिंतीकडचा कॉम्प्युटर. नाव मला कधी मिळालंच नाही, नंबर तेवढा मिळाला.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका दुकानातला. डबा एका कंपनीचा, पडदा दुसरीचा, कीबोर्ड तिसरीचा. कूळगोत विचारू नका. शेठ त्याच गावचा, त्यामुळे त्यानेही विचारलं नाही.

माणसं माझ्यासमोर तासन्‌तास बसत, पण जाताना कुणी "येतो" म्हटलेलं मला आठवत नाही. बारावीचा निकाल बघायचा, खुर्ची ढकलायची आणि चालू पडायचं. एवढ्या वर्दळीत मी एकटाच होतो.

२००६ च्या जूनमध्ये यशोधरा सासूला घेऊन आली. सासू पुतळाबाई, एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून निवृत्त झालेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि हे सुनेशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. वर्षावासात, म्हणजे आषाढ ते आश्विन पौर्णिमेच्या तीन महिन्यांत, बुद्धविहारात रोज ग्रंथवाचन होतं, बायका पाळीपाळीने एकेक पान वाचतात. पुतळाबाईंची पाळी आली की दरवर्षी नेमका त्यांचा चष्मा घरी राही.

"यंदा चष्मा नेणारे मी," त्या म्हणाल्या. "आश्विन पौर्णिमेपर्यंत एक पान तरी वाचायचंय."

यशोधरा शोधू लागली. मी भरभरून दिलं, पण सगळं पोरासोरांचं. ससे, बदकं, फुगे.

"मी काय बालवाडीत चाललेय?" पुतळाबाई फणकारल्या.

मोठ्यांसाठी जे होतं ते इंग्रजीत. शेवटी एका संस्थेचे मराठी धडे सापडले, खास मोठ्या माणसांसाठी. पान उघडलं आणि पडदाभर नुसते चौकोन! माझ्यात मराठीचा फॉन्टच नव्हता. म्हणजे वाचता मलाही येत नव्हतं, आणि हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

यशोधरा शेठला बोलवायला गेली. परतली तेव्हा पुतळाबाईंनी वहीत दोन ओळी चौकोन काढले होते, सरळ, एकसारखे, जीव लावून.

"सोपी हायेत गं अक्षरं."

यशोधरा हसली नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेठने सीडी घालून फॉन्ट टाकला. "मावशी, अब देखो. बरोबर दिसतंय ना?"

मग त्या दर गुरुवारी दुपारी एकट्याच येऊ लागल्या. शेठ पान उघडून देई. धड्याला आवाजही होता. हेडफोन लावून त्या मागोमाग म्हणत, आणि कान झाकलेले असल्यामुळे ओरडूनच म्हणत. "बस! बसची पाटी! बंद दार!" अख्खा कॅफे हसे. जाताना पदराने माझा पडदा पुसून त्या म्हणत, "येते रे." मी गुरुवारची वाट बघू लागलो.

सप्टेंबर संपता संपता माझी हार्ड डिस्क टकटक करू लागली. आणि एका गुरुवारी अर्ध्या धड्यातच मी बंद पडलो. पौर्णिमेला जेमतेम आठवडा उरला होता. पुतळाबाई काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या, मग वही पिशवीत घालून निघून गेल्या. त्या दिवशी "येते रे" नव्हतं.

शेठने माझ्यावर एक कागद चिकटवला. पौर्णिमा होऊन गेली. पान वाचलं, की पुन्हा चष्मा घरी राहिला? मला कोण सांगणार? तो महिना मला फार जड गेला.

आणि एक दिवस त्या आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, चष्मा चढवला, कागदावर बोट ठेवलं.

"बं... द... है." मग एका दमात, "बंद है!"

"मावशी, पढ लिया?" शेठ काउंटरवरून ओरडला.

"पौर्णिमेला अख्खं पान वाचलं विहारात. तीनदा अडखळले. पण वाचलं!"

सांगितलं शेठला, पण हात माझ्या डोक्यावर होता. "येते रे," म्हणाल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. कशाला येतील?

आता मी पोटमाळ्यावर धूळ खात पडलोय. एक दिवस भंगारवाला येईल. खुशाल न्या मला. फक्त तो कागद फाडू नका. माझ्यावर लोकांनी हजारो पानं वाचली, पण मला वाचलं ते एकदाच, एकीनेच.