थोरलीचे अस्सल दिवस

एवेलिओ मेदेरोसच्या घरी बैठकीची खोली होती. फक्त तिथे बैठक होत नसे. तिथे थोरली उभी असे. पाहुणे आले की त्यांची रवानगी स्वयंपाकघरातल्या स्टुलांवर होई, कारण समुद्रकाठच्या कार्देनास गावचा खारा वारा थोरलीला सोसत नाही आणि पाहुण्यांना सोसतो, असं एवेलिओचं ठाम मत होतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं मिग्दालियाने या विषयावर त्याच्याशी वाद घातला. मग तिने थोरलीच्या हँडलवर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली आणि संसार मार्गी लागला.

थोरली म्हणजे सदतीस सालची हार्ले. गावात अशा म्हाताऱ्या मोटरसायकली चार उरल्या होत्या आणि त्यांत ती वयाने मोठी, म्हणून हे नाव. चारही जिवंत होत्या त्या एकाच माणसाच्या कृपेने, आणि तो माणूस मेला होता. कांदिदो त्याचं नाव. अमेरिकेहून माल यायचा बंद झाला तेव्हा बाकीचं गाव भाषणं ऐकायला गेलं आणि कांदिदो घरामागच्या अंगणात कानस घेऊन बसला. ट्रॅक्टरचा पिस्टन, रशियन मोटारीचा कार्ब्युरेटर, लोखंडी पलंगाचा पाय, जे हाताला लागेल त्यातून तो हवा तो भाग घडवी. मोबदल्यात त्याने लोकांकडून फक्त एक नियम पाळून घेतला. गाडीतून निघालेला भाग विकायचा नाही, पाडून ठेवायचा नाही. ज्याच्या गाडीला लागेल त्याला देऊन टाकायचा. आणि दिलेला परत मागायचा नाही.

कांदिदोला मूलबाळ नव्हतं. म्हणून जूनमधल्या वडिलांच्या दिवशी, बाकीचं गाव आपापल्या बापाला जेवू घालत असताना, या चार गाड्यांची वरात दफनभूमीत जाई. कबरीपाशी इंजिनं बंद करायची, टोप्या काढायच्या, जरा वेळ गप्प उभं राहायचं. मग थोरलीला किक मारायची. तिने हाक दिली की मागच्या तिघी ओ देत. हा पहिल्या किकचा मान आधी एवेलिओच्या वडिलांकडे होता. वडिलांकडून एवेलिओला दोनच गोष्टी वारशाने आल्या, दमा आणि ही किक; आणि दमा काही मिरवण्यासारखा नव्हता.

बिघडलं ते मेहुण्यामुळे. मिग्दालियाचा भाऊ रोलांदो फ्लोरिडात राही आणि तिथे कुठल्याशा जुन्या बाजारात त्याला सदतीस सालच्या हार्लेचा कार्ब्युरेटर मिळाला. अस्सल. तो त्याने नोएमी नावाच्या बाईच्या सामानातून पाठवून दिला. नोएमी महिन्यातून एकदा विमानाने ये-जा करून गावाला साबण, औषधं आणि चपला पुरवत असे.

एवेलिओने तो कार्ब्युरेटर जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहता पाहता त्याचा भात गार झाला. तंत्रशाळेत त्याने जन्मभर ड्रॉइंग शिकवलं होतं. रेघ सरळ असावी, माप मापात असावं, यावर त्याची श्रद्धा होती. आणि रोज ज्या गाडीवर तो बसे तिच्यात एकही माप मापात नव्हतं. ही गाडी बोटीतून उतरली तेव्हा कशी होती, ते एकदा तरी डोळ्यांनी बघावं, अशी इच्छा त्याने मनात धरली.

जुना कार्ब्युरेटर त्याने नियमाप्रमाणे बार्बारोला दिला. बार्बारोची बेकरी होती आणि गाडी एकेचाळीसची.

"मास्तर, नक्की ना?" बार्बारो म्हणाला. "हा कांदिदोच्या हातचा आहे."

"म्हणूनच तुला देतोय. तुमच्या गाड्या म्हणजे गोधड्याच. एक ठिगळ आणखी शोभेल."

बार्बारोने त्याच्याकडे पाहिलं, कार्ब्युरेटरकडे पाहिलं आणि त्यातल्या कामाच्या वस्तूला पिठाच्या पिशवीत घातलं. स्वतःच्या गाडीतला आधीचा त्याने शेजारच्या गावात देऊन टाकला.

नवा कार्ब्युरेटर बसेना. तो ज्या नळीवर बसायचा ती नळी पलंगाच्या पायाची होती. रोलांदोला निरोप गेला, अस्सल नळी आली, पलंगाचा पाय ओनेलिओकडे गेला. ओनेलिओ दातांचा डॉक्टर. दुसऱ्याच्या तोंडात हात घालून तो स्वतः फार थोडं बोलायला शिकला होता. त्याने नळी हुंगली आणि "हं" म्हणाला.

अस्सल नळी सिलिंडरांना पोचेना. कांदिदोने कधीकाळी ट्रॅक्टरच्या उंच पिस्टनांसाठी सिलिंडरांखाली जाड पट्ट्या घालून ते वर उचलले होते. एवेलिओने पट्ट्या काढल्या, पिस्टनही काढले आणि ते सगळं आकोस्ता बंधूंना दिलं. फेर्मीन आणि गास्पार आकोस्ता, या दोघांत मिळून एकच मोटरसायकल होती आणि आईच्या रेडिओवरून भांडण झाल्यापासून ते एकमेकांशी बोलत नसत. गाडीत बिघाड झाला तर फेर्मीन गाडीला सांगे आणि गास्पार ऐके.

मे संपता संपता अस्सल पिस्टन आले. एवेलिओने ते सिलिंडरांत सोडले आणि ते उखळातल्या मुसळासारखे हलले. सिलिंडर ट्रॅक्टरच्या मापाने कोरलेले. अस्सल पिस्टन त्यांत पोरासोरासारखे. आता फक्त अस्सल सिलिंडर हवे होते.

"मी साबण आणते, गोळ्या आणते," नोएमी दारात उभी राहून म्हणाली. "तोफा आणत नाही. मागच्या वेळी त्या पिस्टनांपायी विमानतळावर मला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. तुझ्या नवऱ्याला काही लाजबीज आहे का गं, मिग्दालिया?"

"होती," मिग्दालिया म्हणाली. "ती पण कुणाला तरी देऊन टाकली असेल."

अशा रीतीने पन्नासेक वर्षं खोट्या भागांवर धावलेली गाडी खऱ्या भागांनी थांबवली. तिचे अवयव बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रांवर मांडले होते आणि मिग्दालिया त्यांच्यामधून परातीत बीन्स घेऊन अशी चाले, जशी माणसं भरल्या पाण्यातून चालतात. एका बाजूला अस्सल भाग चमकत होते. प्रत्येक भाग मापात होता. एकमेकांशी मात्र कुणाचंच पटत नव्हतं. एवेलिओ त्यांच्यापुढे बसून विचार करी, आणि एके दुपारी त्याच्या ध्यानात आलं की बोटीतून उतरलेली ती गाडी त्याने कधी पाहिलीच नव्हती. वडील ज्या गाडीवर त्याला पुढे बसवून किनाऱ्यावर नेत, ज्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की आई तव्यावर केळी टाके, ती कांदिदोची गाडी होती. पलंगाच्या पायासकट. त्या गाडीबद्दल त्याने गावभर नाक मुरडलं होतं, आणि तिचं काळीज, फुप्फुसं वाटून टाकली होती.

परत मागायचा प्रश्न नव्हता. तो नियम मोडणारा माणूस कार्देनासमध्ये जन्मायचा होता.

वडिलांच्या दिवसाच्या आधीच्या शुक्रवारी एवेलिओ बेकरीत गेला.

"परवा पहिली किक तू मार," तो म्हणाला. "थोरली येत नाही. तिच्यामागे तुझीच जुनी."

बार्बारो पाव मोजत होता, तो थांबला. हा मान आपल्याकडे यावा असं त्याला कित्येक वर्षं वाटत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. दारू चढली की तो स्वतःच सांगे.

"अगदीच नाही होत?"

"नाही."

"बरं," बार्बारो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून पाव मोजायला लागला.

एवेलिओ घरी आला. बार्बारो इतक्या सहज "बरं" म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने दोन चमचे साखर जास्त घालून कॉफी घेतली, ती त्याच्या दम्याला चालत नाही असं त्याचंच म्हणणं होतं.

शनिवारी सकाळी दारावर लाथ बसली. बार्बारोचे दोन्ही हात अडकलेले होते. पावाच्या पिशवीत कार्ब्युरेटर होता, अजून पेट्रोलचा वास येत होता.

"हे काय?"

"दिसत नाही? पाव."

"बार्बारो, मी मागितलेला नाही."

"मागितला असतास तर आणला नसता." तो आत शिरला. "रात्रभर झोप नाही मला. उद्या मी किक मारतोय, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि खालून म्हातारा विचारतोय, थोरली कुठाय रे? काय सांगू त्याला? मास्तरांनी तिचं लग्न अमेरिकेत लावलं म्हणून सांगू?"

"पण मग तुझी गाडी?"

"माझी उभी आहे. सुंदर दिसते. तुझ्यासारखी मीही बैठकीत ठेवीन."

मागोमाग ओनेलिओ आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली नळी आणि हातात औषधी गुळण्यांची बाटली. बाटलीत पेट्रोल होतं. पंपावर रांग होती आणि पेट्रोल नव्हतं, तेव्हा त्याने हे स्वतःच्या टाकीतून उपसलं होतं. मग आकोस्ता बंधू आले. फेर्मीनच्या हातात एक पिस्टन आणि पट्टी, गास्पारच्या हातात दुसरा पिस्टन आणि पट्टी. दोघे एकाच रस्त्याने, पण रस्त्याच्या दोन बाजूंनी आले होते.

एवेलिओ काहीतरी बोलायला गेला.

"पाना," ओनेलिओ म्हणाला. त्या दिवसातला तो त्याचा पहिला शब्द.

दुपारभर पाच माणसं बैठकीच्या खोलीत गुडघ्यांवर होती. ओनेलिओने दात कोरायच्या बारीक यंत्राने कडा साफ केल्या. पुठ्ठा कापून गॅस्केटं केली. पट्ट्या पुन्हा सिलिंडरांखाली गेल्या. ट्रॅक्टरचे पिस्टन आपल्या जागी असे उतरले, जसं सुनेच्या हाताला कंटाळलेलं म्हातारं माणूस लेकीच्या घरी उतरतं. फेर्मीन गाडीला म्हणाला, "तो बोल्ट जास्त आवळू नकोस," आणि गास्पारने तो सैल केला. मिग्दालियाने सगळ्यांना बीन्स घालून शिजवलेला कोंग्री भात वाढला आणि अस्सल भाग उचलून कपाटात, चांगल्या चादरींखाली ठेवले.

"सुरू करून बघायची?" एवेलिओने संध्याकाळी विचारलं.

"आज सुरू झाली तर उद्याचं पेट्रोल जाईल," बार्बारो म्हणाला. "आणि नाही झाली तर आजची झोप."

रविवारी थोरली दफनभूमीपर्यंत ढकलत नेली. बाकीच्या तिघींचे आधीचे भागही नियमाप्रमाणे पुढे गेले होते; त्या आपापल्या घरी उघड्या पोटाने उभ्या होत्या. घोडागाड्यांवरून जाणारी माणसं विचारत होती, आणि बार्बारो प्रत्येकाला सांगत होता की हा व्यायाम आहे.

कबरीपाशी टोप्या उतरल्या. पलीकडे कुणाचा तरी अंत्यविधी चालू होता; पाद्रीबाबांचा आवाज ऐकू येत होता. पाद्रीबाबा थांबले, तसा एवेलिओ थोरलीवर चढला. किक मारली. थोरली खोकली. दुसरी किक. काहीच नाही. एवेलिओच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. त्याने कार्ब्युरेटरवर हात ठेवला, तो हात नेमका कशासाठी ठेवला हे त्यालाही सांगता आलं नसतं, आणि तिसऱ्यांदा सगळं वजन पायावर टाकलं.

थोरली सुरू झाली. ट्रॅक्टरसारखा आवाज, पलंगासारखी कुरकुर. तोच आवाज.

आता बाकीच्या तिघींनी ओ द्यायची होती. चौघे जागच्या जागी उभे राहिले. रिवाज असा मध्येच लटकला. तेवढ्यात ओनेलिओने टोपी छातीशी धरली, ज्या गांभीर्याने तो अक्कलदाढ काढायला लागतो त्या गांभीर्याने तोंड उघडलं, आणि म्हणाला, "ढग् ढग् ढग् ढग्."

बार्बारोने लगेच खालच्या पट्टीत सुरुवात केली. फेर्मीनने एक "ढग्" टाकला आणि थांबला. त्या थांब्यात गास्पारने आपला टाकला. मग फेर्मीनने, मग गास्पारने. किती तरी वर्षांनी दोघे भाऊ एकमेकांशी बोलत होते, आणि ताल बरोबर होता. पलीकडे पाद्रीबाबांनी पुस्तक मिटून मान वळवली.

पेट्रोल एवढंसं, लगेच बंद करून ठेवायला हवं होतं, म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत तरी बसून जाता आलं असतं. एवेलिओला ते समजत होतं. चावी त्याच्या बोटांखाली होती. बाटली संपली आणि थोरली आपणहून थांबली, तोवर तो तसाच बसून राहिला.

परतताना उन्हात पाच जण पुन्हा ढकलत होते. एवेलिओने दोनदा घसा साफ केला.

"मला तुम्हा सगळ्यांना काही सांगायचंय."

"मास्तर," बार्बारो म्हणाला, "आधी जोर लाव."

त्याने जोर लावला.

मिग्दालिया दारात उभी होती. घामाघूम पाच माणसं आणि मुकी मोटरसायकल पाहून तिचा चेहरा उतरला.

"नाही झाली सुरू?"

"झाली."

"मग ढकलत का आणलीत?"

"बंद करायला हात होईना," एवेलिओ म्हणाला.

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग बाकीच्या चौघांकडे.

"आणि यांच्या गाड्या कुठायत?"

"या काय," एवेलिओने थोरलीच्या टाकीवर हात ठेवला. "सगळ्या इथेच आहेत."

मिग्दालिया बीन्स पाच जणांना पुरतील का, ते बघायला आत गेली. पुरणार नव्हते, हे तिला माहीत होतं, म्हणून जाता जाता तिने शेजारणीला हाक मारली.