बेचाळीस जणांचा उपवास

जुना संगणक आहे मी, मित्रांनो. उज्जैनच्या मक्सी रोडवर शेव-नमकीनचा एक कारखाना आहे, त्याच्या गोदामात रिकाम्या तेलाच्या डब्यांमागे मला ठेवलं आहे, तेही तोंड भिंतीकडे करून. जागा कमी होती म्हणून तसं ठेवलं, मुद्दाम नाही. पण मला ते सोयीचंच पडतं. माझ्या वयाच्या यंत्रांनी आपल्या सेवेबद्दल अभिमानाने सांगायचं असतं. मला मात्र एका गोष्टीची लाज वाटते. माझ्यामुळे अंबिकाबाईंची नोकरी जाणार होती, आणि मी खोटं एक अक्षरही लिहिलं नव्हतं असं तेव्हा मला वाटत होतं.

सत्त्याण्णव साली मी इंदूरहून बसच्या टपावर बसून आलो. देवास गेटच्या बसस्टँडवर मला रजईत गुंडाळलेलं उतरवलं. कारखान्यात माझी पूजा झाली. नारळ फुटला, पडद्याला कुंकू लागलं, आणि अक्षतांचे दोन दाणे कळफलकात शिरले ते आजही आतच आहेत. कढईपाशी शेव पाडणाऱ्या माणसांना पंखा नव्हता. मला एसी मिळाला. माझ्या खोलीत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. मालक दिलीप शेठसुद्धा माझ्यापुढे मोज्यांवर उभे राहत. एवढा मान मिळाल्यावर कोणाचंही डोकं जरा फिरतंच.

माझं काम हजेरीचं. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि आमची शेव त्या दारातून विलायतेला निघाली होती. तिथल्या व्यापाऱ्याने मागणीबरोबर एक अट पाठवली. कामाला पाच तास व्हायच्या आत प्रत्येकाला जेवणाची अर्धा तास सुट्टी मिळालीच पाहिजे. कोणी ती आपखुशीने सोडली, तर कारण आणि सही दाखवा. हे सगळं लक्षात ठेवायला मी. कामगार येताना, जेवायला उठताना, जेवून आल्यावर आणि घरी जाताना आपलं कार्ड माझ्या खाचेतून फिरवत. ज्याची जेवणाची सुट्टी राहिली, त्याचं नाव पडद्यावर लाल होई.

माझा प्रोग्राम लिहिला सुमीतने. टावर चौकात त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. हजेरी सांभाळणारे दत्तात्रय पुराणिक त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले होते.

"कारणं सांगा काका," सुमीत म्हणाला. "एक, तब्येत. दोन, घरी काम निघालं. तिसरं काय टाकू? धडधाकट माणूस जेवण सोडेल तरी कशाला?"

"अरे, तू उज्जैनचाच ना?" दत्तूकाका म्हणाले. "सोमवार आहे, एकादशी आहे, चतुर्थी आहे. उपवास लिही!"

लिहिला. तीन आकडा दाबला की लाल नाव हिरवं व्हायचं आणि पुढे 'उपवास' असं उमटायचं. सुरुवातीला खरोखरच सगळं बरोबर चाललं. सोमवारी पाच-सात नावं, एकादशीला चार. बायका स्वतः येऊन सांगत, अर्जावर सही करत. मला वाटे, काय नेमधर्माचा कारखाना आहे हा!

मग दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर आली. कढई थांबेना, पाकिटं बंद करायची मशीनं थांबेनात, आणि एक वाजताची जेवणाची घंटा वाजायची बंद झाली. पहिल्याच दिवशी माझा पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला.

"पुराणिकजी, ये क्या होली खेल रखी है?" शेठ दारातूनच ओरडले. "विलायतवाले देखेंगे तो क्या कहेंगे? हरा करो इसको!"

दत्तूकाका वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अख्ख्या यादीसाठी एकदाच तीन दाबला. मी एका क्षणात हिरवागार झालो. आणि मित्रांनो, मला बरं वाटलं. लाल रंगाने मलाही कसंसंच होत होतं. तो गुरुवार होता. नवरात्र संपलं होतं, चतुर्थी जवळपासही नव्हती. दिनदर्शिका माझ्याच पोटात होती. तरी बेचाळीस माणसांचा एकाच वेळी कसला उपवास, असं मी विचारलं नाही. मला तसं विचारायला शिकवलं नव्हतं, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. शुक्रवारीही उपवास झाला. शनिवारीही. दत्तूकाकांनी प्रत्येकाकडून कोऱ्या अर्जांचा गठ्ठा एकदमच सही करून घेतला, म्हणजे रोज त्रास नको.

मुंबईहून तपासणीला एक बाई आल्या. त्यांनी माझा छापील कागद पाहिला आणि भुवया उंचावल्या.

"पुष्कळच धार्मिक लोक आहेत तुमचे."

"महाकालची नगरी आहे, मॅडम," दत्तूकाका म्हणाले.

बाईंनी नमस्कार केला, कागदावर शेरा दिला 'उत्तम', आणि मला झेंडूचा हार घातला गेला.

त्याच आठवड्यात अंबिकाबाई पडल्या. त्या पाकिटं बंद करायच्या मशीनवर बसत. त्यांना साखरेचा आजार होता. सकाळी गोळी घेतली की एक वाजेपर्यंत पोटात काहीतरी जावंच लागे. त्या रोज विचारत, "दत्तूकाका, पाच मिनिटांत दोन घास खाऊन येते हो." आणि काका म्हणत, "आज एक दिवस निभावून न्या, बाई. ट्रक उभा आहे." असे एकोणीस दिवस निभावल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हात तापलेल्या पट्टीवर गेला. दोन बोटं भाजली.

पंधरा दिवसांनी त्या हाताला पट्टी बांधून कामावर आल्या, तर शेठनी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं. सोबत शेजारच्या मशीनवरची अहल्याही आली, न बोलावता.

"देखो बाई," शेठ मऊ आवाजात म्हणाले, "भगवान की भक्ति अच्छी चीज़ है. लेकिन लगातार उपवास करनेवाली को मैं मशीन पर नहीं बैठा सकता. आप घर पर आराम करो."

"उपवास?" अंबिकाबाई म्हणाल्या. "डॉक्टरनी माझा सोमवारसुद्धा बंद केलाय, शेठजी. पोरीचं लग्न ठरलंय. काम सोडून कशी बसू घरी?"

"मशीन झूठ बोलती है क्या?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्यातून कागद निघाला. वर अंबिकाबाईंच्या एकोणीस ओळी, एकोणीस उपवास, सगळ्या सुबक; खाली बाकी सगळ्यांची नावं, त्यांच्यापुढेही तेच एकोणीस उपवास. अंबिकाबाईंनी तो डाव्या हातात धरला.

अहल्याने कागद ओढून घेतला. "अगंबाई! माझाही उपवास? मी तर संडासाच्या नावाने जाऊन रोज मूठभर परमल-मुरमुरे फाकत होते! आणि ही शबानाबी, हिने एकादशी धरली? तिला सांगायला पाहिजे, खूश होईल." तिचं बोट खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. "दत्तूकाका, तुम्ही पण? एकोणीस दिवस? मग इथे टेबलावर बसून रोज भेंडीची भाजी कोण खात होतं? वास तर मशीनपर्यंत यायचा!"

खरंच होतं ते. काका खोलीतच जेवत, म्हणून कार्ड फिरवत नसत. त्यांचं नावही रोज लाल होई, आणि यादीबरोबर तेही हिरवं होत गेलं होतं. त्यांच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

दत्तूकाकांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही.

"मी खात होतो," ते म्हणाले. "तीन आकडा मीच दाबला, शेठजी. रोज. उपवास कोणाचाच नव्हता. हे मी विलायतेला लिहून कळवणार आहे. तुम्ही म्हणाल तर आज, नाही तर उद्या."

शेठनी आपल्या मोज्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चिट्ठी रहने दो, पुराणिकजी. बाई, कल से आ जाओ. एक बजे घंटी बजेगी."

घंटा वाजू लागली. पण दत्तूकाकांनी पत्र पाठवलंच, आणि त्यांची खुर्ची गेली. माझीही जागा गेली. माझ्यानंतर आलेला संगणक कारण विचारतच नाही म्हणे. सगळ्यांची जेवणाची सुट्टी तो स्वतःच एक वाजता नोंदवून टाकतो. कोणी उठो न उठो.

मला गोदामात न्यायच्या दिवशी अंबिकाबाई वाटेत थांबल्या. मला वाटलं, आता चार शिव्या ऐकाव्या लागणार. त्यांनी पदराने माझ्या पडद्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "याचा काय दोष? याला कुठे पोट आहे?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणीतरी मोठेपणी माझ्यासारखं यंत्र बनवेल. त्याचा रंग, वेग, पडदा कसा हवा तसा ठेवा. पण 'जेवलात का?' एवढा एक प्रश्न त्यात घातलात, तर त्याचं उत्तर ज्याला भूक लागली आहे त्यालाच देऊ द्या. आणि तो 'नाही' म्हणाला, तर त्याला आधी जेवायला पाठवा. कारण काय ते नंतर लिहिता येईल.