पाव फेरा

महिपत म्हणजे मिरकरवाड्यातला ट्रॉलरच्या इंजिनांचा मिस्त्री. वय पंचावन्न, खोड्या पंधराच्या. शेजारच्या मासे विकणाऱ्या हौसाच्या लेकीनं, शमिकानं जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली आणि दुकानात न देता स्वतःच जुळवणार म्हणाली, तशी याच्या जिभेला खाज सुटली.

"हौसा, पोरीला विळी धरायला शिकव. स्क्रू फिरवणं तिचं काम नाय."

"रविवारपर्यंत लावून दाखवील माझी पोर! लाव पैज!"

"लावली. हरलो तर तुझी पाटी डोक्यावर घेऊन बंदरात बांगडे विकीन."

"आणि मी हरले तर अख्ख्या आळीसमोर तुला पाटावर बसवून ओवाळीन, मेल्या!"

शमिका व्हिडिओ बघून शिकत होती. तार आणि खालची पट्टी यांच्यातली फट मोजायला तिनं महिपतचंच फिलर गेज नेलं, इंजिनाची फट मोजायची ती पातळ पात्यांची जुडी. फट जुळवायची, वहीत आकडा लिहायचा. ती कॉलेजला आणि हौसा बंदरावर गेली की महिपत कडी काढून आत शिरायचा आणि तारांखालचे बारीक स्क्रू पाव फेरा उतरवायचा. संध्याकाळी तार पट्टीला घासून भणभणायची. भिंतीपलीकडे हा तोंडावर टॉवेल दाबून हसायचा.

शनिवारी दुपारी शमिका दारात आली. एका हातात गेज, दुसऱ्यात गिटार.

"काका, हे घ्या तुमचं. गिटार मी विकतेय. रोज लावते, रोज बिघडते. माझ्या हातातच खोट हाय."

"हवा दमट गो. लाकूड फुगलं असंल."

"नाय. सगळं लिहिलंय." तिनं वही उघडली. पाच दिवसांचे आकडे. खाली प्रत्येक पानावर 'माझी चूक.'

पैज तर खिशात पडलेली. पण महिपतनं त्या 'माझी चूक'वर बोट ठेवलं.

"चूक तुझी नाय, बाय. मी उतरवायचो. पाव पाव फेरा."

"पाचही दिवस?"

"पाचही."

"मंगळवारी मी रडले. ऐकू आलं?"

भिंत एकच होती. "आलं."

त्याच्याच पायरीवर बसून एकेक तार मोजत तिनं गिटार लावली. वाजवली, तेव्हा एकही तार भणभणली नाही. त्याच्याकडे न बघता ती उठून गेली.

रविवारी सकाळी मासळीच्या लिलावाच्या गर्दीत महिपत पाटी डोक्यावर घेऊन उभा.

"बांगडेऽ! ताजे बांगडेऽ!"

बाया पोट धरून हसत होत्या. हौसा सगळ्यांत जास्त. म्हणजे पोरीनं आईला काहीच सांगितलं नव्हतं. शिव्या परवडल्या असत्या.

"आणि ऐका!" तो ओरडला. "स्क्रू मीच बिघडवत होतो! पोर पहिल्याच दिवशी जिंकलेली!"

हशा आणखी वाढला. महिपतची नवी खोडी! फक्त हौसाचं हसू थांबलं. तिनं शेजारी उभ्या लेकीकडे पाहिलं. शमिकानं 'हो' अशी मान हलवली.

हौसानं शेजारणीच्या टोपलीतले दोन ओंजळी बांगडे उचलून त्याच्या पाटीत टाकले.

"हो पुढं. पाटी रिकामी झाल्याबिगर उतरवायची नाय."

बर्फाचं पाणी मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. महिपत चालू लागला आणि पुन्हा ओरडला, "पोर जिंकलेली! पहिल्याच दिवशी!" बांगड्यांचं नाव यावेळी त्यानं घेतलं नाही.