राखेतला कापूर

मार्गशीर्षातली दुपार कलंडत होती. खाडीवर पिकलं ऊन पसरलं होतं: पीत, प्रशांत, परिमल घेऊन आलेलं. माडांच्या झावळ्यांतून ते गळत होतं, देवळाच्या कौलांवरून निथळत होतं. जत्रेचा दिवस, सगळ्या गावाची धांदल, आणि त्या उन्हाला मात्र कसलीच घाई नव्हती.

घाई होती ती वैजयंतीला. सूर्य खाडीत उतरला की कापूरआरती, आणि कापूर पडलाय राखेत!

त्याचं असं झालं. या गावची रीत मुलखावेगळी. जत्रेच्या आरतीला दुकानातून आयता आणलेला कापूर चालत नाही. घरटी एक वडी येते. श्रीमंताची तेवढीच, गरिबाची तेवढीच. गुरव त्या साऱ्या वड्या खलात कुटून एक करतो, आणि त्या एकाच ज्योतीवर सारा गाव तळवे धरतो. वैजयंतीचे वडील भिकाजी गुरव जन्मभर हेच करत आले. आज त्यांनी कापूर कुटला आणि ओतला शेजारच्या डब्यात, अंगाऱ्याच्या. ओतला तर ओतला, वर बोटांनी छान कालवून सारखाही केला! डोळसाच्या हातून असं होत नाही. पण आबांच्या डोळ्यांत गेल्या पावसाळ्यापासून धुकं उतरलं होतं, आणि ते एकट्या लेकीला ठाऊक होतं.

"कोणाक सांगू नको गो बाय," आबा म्हणाले. "कळला तर माझ्या हातातली आरती काढून घेतीत."

आरती गेली तर मागे उरणार तरी काय, ही त्यांची भीती. शाळेला सुट्टी होती, पण प्रयोगशाळेची किल्ली विज्ञानाच्या बाईंकडे, म्हणजे तिच्याचकडे. डबा पदराखाली घेऊन ती निघाली, आबांचा हात धरून.

मिश्रण वेगळं करायच्या रीती ती नववीला दर वर्षी शिकवते. पाण्यात घालावं तर राखेचा चिखल. चाळावं तर दोन्ही पीठच. लोहचुंबकाला तर दोघांचंही सोयरसुतक नाही. राहिलं संप्लवन.

तिने चिनीमातीची बशी पत्र्याच्या थाळीतल्या रेतीच्या थरावर ठेवली. बशीवर काचेचं नरसाळं पालथं घातलं, त्याच्या नळीत कापसाचा बोळा, अंगावर ओला फडका. खाली स्पिरिटचा दिवा, ज्योत हरभऱ्याएवढी. जास्त भडकली तर कापूर पेट घेणार, आणि साऱ्या गावाच्या वड्या इथेच जळणार.

आणि मग त्या धूसर, धूम्रवर्ण, निद्रिस्त भस्मातून काहीतरी उठलं. मंद उठलं, मूक उठलं, शुभ्र उठलं. काचेच्या गार अंगाला टेकलं, आणि पहाटे गवतावर दहिवर धरावं तसं तिथेच धरलं. कणावर कण, कळीवर कळी. खोली गंधाने भरून गेली. राख खाली बसून राहिली.

बाकावर बसलेल्या आबांनी खोल श्वास घेतला. "काय होता गो?"

"कापूर वाफ होवन वर चढता, आबा. राख खालीच ऱ्हवता."

"इतळल्याशिवाय? पाणी न होताच?"

"इतळल्याशिवाय."

आबा गालातल्या गालात हसले. एवढा कापूर जाळला जन्मभर, पण ही त्याची करणी त्यांना नवीन होती.

ऊन खिडकीच्या चौकटीवर आलं. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' असं पोरांना सुनावणाऱ्या बाईंचा हात वात वाढवायला पुढे झाला, आणि लाजून मागे आला. एक घाणा निघाला, खरवडला, दुसरा चढवला. मग तिसरा. शेवटी बशीत निव्वळ राख आणि कागदावर निव्वळ कापूर.

सांज झाली. खाडी कुंकुमवर्ण झाली, घंटा घणघणली, कापूर धडधडून पेटला. आबांनी आरती ओवाळली. त्यांच्या हाताला ती पाठ होती. कोणाला काही म्हणता काही कळलं नाही. वैजयंतीचा जीव भांड्यात पडला.

आता गुरवाने ज्योत लोकांपुढे न्यायची. आबा हलले नाहीत. त्यांनी चाचपत लेकीचा हात शोधला आणि पेटती आरती तिच्या हातात दिली.

"हो कापूर मी राखेत ओतलंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माका दिसणा नाय. माझ्या चेडवान तो येगळो केल्यान. ह्याच्या फुडे आरती तिच्या हातान."

घंटा थांबली. मग गावचे मानकरी तात्या परब, पहिला मान ज्यांचा, ते पुढे आले. आबांना धास्ती होती ती यांचीच. त्यांनी तिच्या हातातल्या ज्योतीवर तळवे धरले, डोळ्यांना लावले, आणि बाजूला झाले. त्यांच्यामागून गाव आला. बाया आल्या, म्हातारे आले, कडेवरची पोरं आली.

सगळ्यांत शेवटी आबा. जन्मभर त्यांनी ज्योत धरली होती. तिच्यापुढे रांगेत कधी उभं राहायला मिळालं नव्हतं. त्यांनी लेकीच्या श्वासाच्या रोखाने हात पुढे केले. लेकीने ज्योत खाली नेली. ऊब लागली, तळवे वर आले, विझल्या डोळ्यांवर टेकले, आणि टेकलेलेच राहिले.