मनोऱ्याभोवतीचे सव्वीस बोगदे

काकांनी बस डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रकं आखली. त्या कामातली मेख त्यांना पहिल्याच वर्षी कळली होती. दोन थांब्यांच्या मध्ये तीन-चार मिनिटं जास्तीची पेरून ठेवायची, म्हणजे गाडी कितीही रेंगाळली तरी कागदावर वेळेत पोहोचते. निवृत्त झाल्यावर ती जास्तीची मिनिटं त्यांनी गोष्टीत पेरायला घेतली.

गोष्ट फाशांची होती. दर रविवारी तीन वाजता तिघं जण त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी जमत. समोर काय आहे ते काका सांगणार, आपण काय करतो ते ते तिघं सांगणार, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. उंच मनोऱ्यात एक मुका राजा बसलाय, त्याला बोलतं करायचं, एवढंच काम. त्यात पाच वर्षं गेली होती. शेवट काकांनी पहिल्याच महिन्यात लिहून पाकिटात बंद केला होता. पण शेवट झाला की रविवारही गेला, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. बायको जाऊन सात वर्षं झालेली. मुलगी फोनवर तब्येतीच्या चौकशीपुढे सरकत नसे. त्यामुळे मनोरा जवळ आला की काका मध्ये एखादा बोगदा घालून देत.

त्या रविवारी तिघांतली नर्स आल्या आल्या म्हणाली, "काका, माझी बदली झालीय. बुधवारी निघतेय. आज राजाला बोलतं करूनच उठू."

"बघू," काका म्हणाले. "समोर ओढा आहे. काठावर नावाडी. तो म्हणतो, आधी माझी हरवलेली शेळी शोधून द्या."

"शेळी," ग्रंथपालबाई म्हणाल्या. या बाई कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचत आणि ते लपवतही नसत. "मागच्या महिन्यात गाढव होतं. काका, तुमच्या राज्यात एखादं जनावर जागेवर राहतं का?"

"दुष्काळ आहे, बाई. भटकणारच."

"आणि त्यांच्यामागे आम्ही."

नर्सने शेळीसाठी फासा टाकला. एक आला, म्हणजे फसलं. काकांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"दादा, नकाशा काढ," नर्स लिफ्टवाल्याला म्हणाली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि या मंडळींचा नकाशा ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. "दुसरी वाट असेल."

"अजून पुरा नाहीये."

"असेल तेवढा दाखव ना."

त्याने नाइलाजाने घडी उलगडली. चौकटीचे चार कागद चिकटवून केलेला नकाशा, प्रत्येक बोगद्यावर तारीख. एकूण सव्वीस. मधोमध सहा चौकटी कोऱ्या, आणि सव्वीसच्या सव्वीस बोगदे त्यांना वेढे घालत गेलेले. चूक काकांचीच होती. बोगदे त्यांनी खोटे घातले, पण अंतरं मात्र डेपोतल्या सवयीने चोख सांगितली. डावीकडे चाळीस पावलं म्हणजे चाळीसच. चुकीचं अंतर त्यांच्या तोंडून निघतच नसे.

"म्हणजे दोन वर्षं आपण मनोऱ्याच्या भिंतीला खेटून चालतोय," बाई म्हणाल्या.

नर्स लिफ्टवाल्याकडे बघत होती. "तुला हे कधी कळलं?"

"दहाव्या बोगद्याला."

"आणि तू गप्प बसलास?"

तो कागदाची कड सरळ करत राहिला. "रविवारी मला काम नसतं," तो म्हणाला.

बाईंनी फासा उचलून नर्सपुढे ठेवला.

"मी भिंत फोडते," नर्स म्हणाली आणि फासा टाकला. सहा. भिंत जाड आहे, मागे खंदक आहे, असं काहीही काकांना सांगता आलं असतं. तिच्या हातावर घड्याळ होतं आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. काका उठले आणि कपाटातून पाकीट घेऊन आले.

राजाला बोलतं करायचं तर तिघांपैकी एकाने आपला आवाज कायमचा द्यायचा होता. तो कुणी द्यायचा, यावर जुंपणार म्हणून काकांनी दीड तास धरला होता.

"मी देते," नर्स म्हणाली. "मी जातेच आहे."

राजाने तोंड उघडलं, कोठारं खुली करा म्हणाला, आणि संपलं. सातपर्यंत चालणारा खेळ पावणेचारला आटोपला.

"चांगला होता शेवट, काका," नर्स म्हणाली. "उगाच लपवून ठेवलात." तिने डोळे पुसले, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला, आणि सामान बांधायचंय म्हणून निघाली. बाई तिला सोडायला गेल्या.

लिफ्टवाला दाराशी स्टुलावर बसून बूट घालत होता. काका समोर उभे. पाच वर्षांत दोघं बोगदा सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोललेच नव्हते.

"लिफ्टा ठीक?" काकांनी विचारलं.

"चालू आहेत."

जिन्यात खालचा दरवाजा आपटला.

"तुम्ही शनिवारी काय करता, काका?"

"रविवारची तयारी."

"आणि बाकीचे दिवस?"

काकांनी विचार केला. "शनिवार येईपर्यंत थांबतो."

"माझंही साधारण तसंच," लिफ्टवाला म्हणाला, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला वाकला. बांधली. मग सोडली, आणि पुन्हा पहिल्या भोकापासून ओवायला लागला. काका भिंतीला टेकून बघत राहिले. त्यांनी घाई केली नाही.