कीर्तनाचं बटण

ओजसनं आईच्या दोन्ही हातांत एकेक रिमोट ठेवला आणि म्हणाला, "निवड तुझी, आई. तुला जो बरा वाटेल तो."

निवड म्हटली की माणसाला जरा मोठं झाल्यासारखं वाटतं. पद्मजाबाईंना मात्र आपण तराजू होऊन बसलोय असं वाटलं. दोन्हीकडे वजन, आणि जागचं हलायचं नाही.

एक रिमोट नुसत्या काचेचा, बिस्किटासारखा पातळ. दुसरा काळा, जड, खऱ्या बटणांचा. टीव्ही, भिंतीतले स्पीकर, दिवे, पडदे, एसी, सगळं घर म्हणे एका हातात. आजवर टीपॉयवर परडीभर रिमोट पडलेले असायचे. परवा पद्मजाबाई टीव्ही बंद करायला गेल्या आणि आवाज असा काही वाढला, की शेजारच्या गच्चीवर पापड लाटणारी बाई लाटणं टाकून कठड्याशी धावली. त्यावर हा उपाय. चांगल्यातला चांगला रिमोट कुठला, याचा शोध घेण्यात ओजसनं कितीतरी रविवार घालवले होते. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

चैत्रात देवळाच्या पायरीवर पद्मजाबाईंचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. यथावकाश प्लास्टर निघालं, पण ओजसच्या मनात बसलेली भीती काही निघाली नाही. त्यानं दाराला नवं कुलूप बसवलं. आतून काय, बाहेरून काय, बोट टेकवल्याशिवाय उघडायचं नाही, नाहीतर ओजसच्या फोनवरून. त्याचं बोट घेतलं, सून देवयानीचं घेतलं, धुणीभांडी करणाऱ्या सिद्धेश्वरीचंसुद्धा घेतलं. पद्मजाबाईंचं बोट तेवढं त्या यंत्राला ओळखू येईना. जन्मभर शाळेत खडू धरून बोटं गुळगुळीत झालेली. "पुन्हा कधीतरी घेऊ," ओजस म्हणाला, आणि ते राहूनच गेलं. सिद्धेश्वरी आपल्या बोटानं यायची, आपल्या बोटानं जायची. घराची मालकीण तिला दारापर्यंत पोचवून मागं फिरायची.

आणि आता तर अधिक महिना चाललेला. कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळात रोज संध्याकाळी कीर्तन. बुवा गळ्याचे गोड आणि मनाचे मोकळे, असं सिद्धेश्वरी सांगायची. खिडक्या बंद असल्यानं घरात फक्त झांजांचा आवाज यायचा, शब्द बाहेरच राहायचे. आज तरी जायचंच, असं पद्मजाबाईंनी सकाळी देवापुढं फूल वाहताना ठरवलं होतं. ओजसला सांगायचं राहिलं होतं, एवढंच.

"मावशी, त्या काचंवर बोट फिरवून बघा की," रिमोट बसवायला आलेला गुरुशांत म्हणाला. दाराचं कुलूपही त्यानंच बसवलं होतं. अक्कलकोटकडचा गडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं मोकळं.

पद्मजाबाईंनी बोट फिरवलं. काच ढिम्म.

"हितंबी वळख न्हाय म्हणायची!" गुरुशांत हसला. "कोरड्या बोटाला हुतं असं. ह्यो काळाच बरा, मावशी. ह्याची खासियत आशी, की तुमी सांगाल ती सगळी कामं येका बटणात भरता येत्यात. आता बघा, तुमचं येक बटण सायबांनी आदीच सांगून ठिवलंय. दाबा."

काळ्या रिमोटच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली होती: कीर्तन.

पद्मजाबाईंनी दाबलं. पडदे सरसर मिटले. दिवे मंद झाले. भिंतभर पडद्यावर कुठल्याशा गावचे बुवा उभे राहिले, चिपळ्या अगदी कानाशी वाजल्या. अंगावर खरंच काटा आला त्यांच्या. ओजस त्यांच्या तोंडाकडे लहान मुलासारखा बघत होता.

"...देव आपल्याला विसरत नाही, आपणच त्याला विसरतो," पडद्यावरचे बुवा म्हणाले. "खरं की नाही?"

"खरं!" पद्मजाबाई सवयीनं म्हणून गेल्या.

"व्हय की!" स्पीकरची वायर खोचत असलेला गुरुशांतही बोलून गेला.

बुवा थांबले नाहीत. देवळात थांबतात. समोरच्याच्या डोळ्यात बघतात, शब्द पोचला का ते पाहतात, माणसं पेंगायला लागली तर मध्येच एखादा विनोद पेरतात. हे बुवा आपले पुढं निघून गेले.

"आणि ते खट् करून काय वाजलं?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"दार, मावशी. कीर्तन लागलं की आपोआप डबल लॉक, मग बोटानंबी उघडायचं न्हाय. कुनी मधी यायला नको."

त्या उठून उभ्या राहिल्या. "कीर्तन लागलं की दार बंद होतं?"

"सुरक्षेसाठी गं," ओजस म्हणाला.

"अरे, कीर्तन लागलं की दारं उघडतात! दोन्ही कवाडं. मागून येणाऱ्याला चपला काढायला जागा राहत नाही, तरी कोणी दार लोटत नाही. मला आज जायचंय, ओजस. ह्या रिमोटवर माझ्यासाठी दार उघडायचं बटणही घाल."

"नाही." तो पटकन म्हणाला, मग आवाज खाली आणला. "तू पडलीस तेव्हा मी पुण्यात होतो, आई. घर येईपर्यंत रस्ताभर मी काय काय मनात आणलं, तुला माहीत नाही. बाहेर केवढं ऊन आहे अजून. इथं गार आहे, बुवा आहेत, सगळं आहे. आणखी काय पाहिजे?"

पद्मजाबाई खाली बसल्या. पुन्हा बटण दाबून पडद्यावरचे बुवा बंद केले. रिमोट गुरुशांतपुढं धरून म्हणाल्या, "बाबा, मग हे नाव तेवढं पूस. टीव्ही लिही."

"नावानं काय फरक पडतो?" ओजस वैतागला.

"मला पडतो. रोज संध्याकाळी हे दाबायचं, आणि मनाला सांगायचं की कीर्तनाला गेले होते. एवढं खोटं देवासमोर ह्या वयात नको. बंद राहायचं तर राहीन मी. पण बंद आहे असं म्हणूनच राहीन."

गुरुशांतनं मान खाली घालून अक्षरं बदलली. टीव्ही. मग चाचरत म्हणाला, "सायेब, हितं येक जागा रिकामी ऱ्हाती बघा. तितं काय भरू?"

ओजस आईच्या मनगटाकडे बघत राहिला. तिथं अजून जरा सूज होती. बंद खिडकीच्या काचेपलीकडे देवळातल्या झांजा नुकत्या वाजू लागल्या होत्या.

"दार," तो म्हणाला.

"आं?"

"दार भर म्हणतोय ना!" आणि आईकडे वळून, "पण दार उघडलं की माझ्या फोनवर कळणार हं. दर वेळी."

"कळू दे की. तेवढीच तुलाही कीर्तनाची वेळ कळेल."

तो तिची काठी आणायला आत गेला. ती घेऊन बाहेर येईपर्यंत पद्मजाबाई नवं बटण दाबून दाराबाहेरच्या पायरीवर उभ्या होत्या.