मागे पांढरं धरायचं

ऐका तर! आमची भिंगरी धापा टाकत हँगरमध्ये घुसली तेव्हा चार वाजले होते. हातात युनिव्हर्सिटीच्या विमानशास्त्राच्या डिग्रीच्या प्रवेशाचा फॉर्म. पाचला खिडकी बंद, आणि पालकाच्या सहीची जागा कोरी! पालक कुठे? छोट्या विमानाच्या पोटाखाली आडवे. फ्लाइंग क्लबचे मेकॅनिक ना ते!

"बाबा, सही."

"विमान काय डिग्रीवर उडतं? लायसन्सवर उडतं! ते इथंच दीड-दोन वर्षांत मिळेल. तू तिकडे बाकं झिजवशील, तोवर तुझ्या बरोबरीची पोरं पुढे नंबर लावून बसतील."

"लायसन्सही मिळतं तिथे."

"बरं. उडायच्या आधी टाकीतलं पेट्रोल तपासतात, तेवढं तरी येतं का बाईसाहेब?"

एवढंच ना! यादी तिला तोंडपाठ. पंखाखालून तिनं पारदर्शक नळीत पेट्रोल काढलं, दारात जाऊन आभाळापुढे धरलं. निळं! या विमानाचं पेट्रोल निळंच असतं. खाली पाण्याचा वेगळा थर? नाही.

"पास!"

बाबा इतके हसले की हातातला पाना पडला. "वास घे."

वासच नाही! नळीभर नुसतं पाणी. काल विमान धुतलेलं, टाकीच्या झाकणाचं रबर झिजलेलं, पाणी उतरून तळाशी बसलेलं. निळं दिसलं ते मागचं आभाळ!

"अशीच उडाली असतीस तर इंजिन वरच बंद. हे शिकवणार तुझी युनिव्हर्सिटी?"

भिंगरीचे कान लाल. पण मागे हटेल ती भिंगरी कसली!

"यादीत 'निळं' होतं, मी निळं बघितलं. पाणी तळाशी का जातं, नुसतं पाणीच आलं तर थर का दिसत नाही, हे डोक्यात असतं तर फसले असते का? मला ते 'का' हवंय, बाबा. चार वर्षं लागली तर लागू देत. नंबर मागे गेला तर जाऊ दे."

बाबांनी पडलेला पाना उचलला. मग पुटपुटले, "नळीच्या मागे पांढरं धरायचं असतं."

पांढरं? तिनं फॉर्मच धरला! नळी भरली, डब्यात ओतली, पुन्हा भरली. चौथ्या वेळी निळं आलं, तळाशी पाण्याचा टपोरा थेंब. सहाव्या वेळी निखळ निळं. तिनं वाससुद्धा घेतला. फॉर्मच्या कोपऱ्यावर डाग पडला तो पडलाच.

बाबांनी चिंधीला हात पुसले. "पेन दे. पण दर सुट्टीला इथं यायचं. हात मी तयार करणार."

"मग आधी ते रबर बदला," म्हणत भिंगरी फॉर्म घेऊन सुटलीसुद्धा!